खिशातली खुंटी

कानामागची विडी काढायची, दोन बोटांत फिरवायची, न पेटवता पुन्हा कानामागे ठेवायची आणि म्हणायचं, "लिवा बाबू. सांगतो तसंच लिवा." कापसाच्या कारखान्यात विडी पेटवायची सोय नव्हती. रिसोडच्या त्या जिनिंगमध्ये मी हजेरी कारकून होतो आणि हा मिस्त्री. त्याला नावाने कुणी हाक मारत नसे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शेठजींनी फाटकापाशी सूचनापेटी लावली. काम सुधारेल अशी युक्ती जो देईल, त्याचं नाव फळ्यावर लागणार होतं. किन्हीराजा गावचा हा निरक्षर मिस्त्री जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडून आपलं नाव तेवढं लिहायला शिकला. युक्ती मी लिहायची आणि खाली जीभ चावत सही त्याने करायची.

पहिली युक्ती लोहचुंबकाची. कापसात एखादा खिळा आला की यंत्रात ठिणगी उडून आग लागायची. यंत्राच्या तोंडाशी चुंबक बसवा, असं त्याने सुचवलं. आगी थांबल्या आणि फळ्यावर नाव लागलं मॅनेजरसाहेबांचं! चिठ्ठ्या पेटीतून काढून साहेबांच्या टेबलावर मीच ठेवत असे, म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. मी गप्प बसलो. नोकरी प्यारी होती, दुसरं काय?

मिस्त्री फळ्यासमोर बराच वेळ उभा होता. वाचता येण्यासारखं नाव त्याच्याजवळ एकच होतं.

"हे माहं नाव नाई, बाबू."

महिन्याभराने तो पुन्हा आला. इंजिन न थांबवता यंत्राचा पट्टा बाजूला सरकवणारा दांडा त्याने सांगितला. मी लिहून घेतलं.

"याले एक खुंटी लागते, नाई तं पट्टा पडते. थे लिवू नका."

"काहून?"

"ज्याचं डोकं, त्याले म्हाईत असंनच."

साहेबांनी दांडा लगेच बसवून घेतला आणि शेठजींना बोलावलं. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात साहेबांनी स्वतः दांडा ओढला. पट्टा चाकावरून सुटून जमिनीवर आपटला. तीनदा चढवला, तीनदा पडला. शर्ट तेलाने काळा झाला. शेठजी म्हणाले, "तुम्हीच शोधलंय ना हे?"

साहेबांनी मिस्त्रीकडे पाहिलं.

"मले काय इचारता, साहेब? डोकं तुमचं हाये."

त्याचा उजवा हात खिशात होता आणि खिशात खुंटी. साहेबांचं तेव्हाचं तोंड आठवलं की मला आजही गार वाटतं. खोटं कशाला बोलू?

शेठजी चहासुद्धा न घेता गेले. आठ दिवसांत साहेबांनी मिस्त्रीला कामावरून काढलं. फाटकापाशी तो माझ्याजवळ थांबला. "बाबू, सायबानं चोरलं, थे समजलं. पण तुमाले तं ठाऊक होतं ना?" त्याने विडी पेटवली आणि चालू लागला.

दुसऱ्या दिवशी मी पेटी उघडली. आत दहा-बारा चिठ्ठ्या होत्या. प्रत्येकीच्या तळाशी मीच गिरवायला शिकवलेलं त्याचं नाव, ठसठशीत. नावाच्या वरची, युक्ती लिहायची जागा कोरी होती.