गिरणेचे दोन फोटो

पत्रक लिहायला मी धुळ्यात शिकले. कॉलेजात असताना ज्या संघटनेत होते, तिथल्या एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याला आम्ही नाना म्हणायचो. ते आम्हाला समोर बसवून शिकवायचे. पहिल्या ओळीत राग, दुसऱ्या ओळीत जबाबदार कोण, तिसऱ्या ओळीत कुठे जमायचं. एकदा मी विचारलं, "आणि पुरावा?" तर म्हणाले, "पुरावा लोकांच्या पोटात असतो. तू फक्त बोट ठेव." तेव्हा हे वाक्य मला फार आवडलं होतं. आता आठवलं की चीड येते.

आमचं गाव जळगाव जिल्ह्यात, गिरणेच्या काठी. गावच्या नळाला येणारं पाणी इतकं खारट की त्यात डाळ शिजत नाही. म्हणून उन्हाळ्यात नदीच्या वळणावर वाळूत खड्डा करायचा, त्यात हळूहळू पाणी पाझरतं, ते वाटीने भरायचं. याला आम्ही झिरा म्हणतो. माझी आत्या, जिला बठ्ठं गाव अक्का म्हणतं, तिचा झिरा त्या वळणावर वर्षानुवर्षं ठरलेल्या जागी. तेच वळण वाळूच्या लिलावाच्या यादीत आलं. वाळू गेली की झिरा गेला, इतका साधा हिशोब.

यादी चावडीवर लागली नव्हती, दवंडी पिटली गेली नव्हती. ती एका वेबसाइटवर होती, सर्वेक्षण अहवाल नावाच्या भल्यामोठ्या फाइलमध्ये, स्कॅन केलेली, निम्मी पानं आडवी. त्यात शोध घ्यायची सोय नाही. मान वाकडी करून मोबाइलवर एकेक पान वाचलं. आमच्या वळणाबद्दल लिहिलं होतं की दर पावसाळ्यात इथे पुरेशी वाळू परत येते. कुणी मोजलं, कधी मोजलं, काही नाही. पुढच्या वळणाचा परिच्छेद उघडला तर शब्द न् शब्द तोच. म्हणजे एकदा लिहायचं आणि नदीभर चिकटवायचं! हरकती पाठवायची मुदत मात्र अगदी नेमकी दिलेली.

उपग्रहाचे जुने फोटो इंटरनेटवर फुकट बघता येतात, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. एका व्हिडिओवरून शिकले. गाव सापडलं, वळण सापडलं, आणि तारखा मागेपुढे सरकवता सरकवता मला हवं ते दिसलं. जुन्या एका एप्रिलमध्ये पांढरीशुभ्र वाळू. यंदाच्या जानेवारीत त्याच जागी काठापासून काठापर्यंत काळंभोर. वाळूचा कणही नाही. मी दोन्ही फोटो शेजारी लावले, वर ठळक अक्षरांत 'आमची वाळू कुणी गिळली?' लिहिलं, गावात वाटलं आणि तेच पत्रक हरकत म्हणून दाखल केलं. नाना फोनवर खूश. "याला म्हणतात पत्रक!"

जळगावच्या एका सरकारी कार्यालयात साहेबांनी ते पत्रक हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि हसले.

"ताई, गाव गिरणेकाठचंच ना तुमचं?"

"हो."

"मग या तारखेला धरणाचं आवर्तन सुटलेलं होतं, हे मी सांगायचं तुम्हाला? वाळू पाण्याखाली आहे. नदीला पाणी आलं म्हणून तक्रार करणारं पहिलंच गाव बघतोय."

मागच्या टेबलवरचे दोघेही हसले. हसणारच. गिरणेकाठची माणसं धरणातून पाणी कधी सुटतं याकडे डोळे लावून बसतात. त्या आवर्तनाचं पाणी आलं तेव्हा मीच पुलावर उभी राहून व्हिडिओ काढला होता, खाली पोरं उड्या मारत होती. समोर पाहिलेलं पाणी मला वरून ओळखता आलं नाही, कारण मी पाणी शोधतच नव्हते. मी चोर शोधत होते.

मुदत अजून बाकी होती. मग मी सगळं पुन्हा केलं, या वेळी राग बाजूला ठेवून. आवर्तन कधी सुटलं याच्या बातम्या शोधल्या, एका बातमीवर न थांबता दुसरीशी ताडून पाहिल्या. प्रत्येक वर्षाचा फक्त नदी कोरडी असतानाचा फोटो घेतला. पान उद्या गायब होईल म्हणून प्रत्येकाची प्रत ठेवली. आणि खरं काय ते दिसलं. वळणाची वाळू वर्षागणिक आतून खचत चाललेली, मध्ये काळे डाग, म्हणजे खड्डे, आणि काठापासून तिथवर आलेल्या गाड्यांच्या चाकोऱ्या. लिलाव व्हायच्या आधीच उपसा सुरू होता. पहिल्या फोटोइतकं भयंकर दिसत नव्हतं. पण खरं होतं.

नानांना पाठवलं. ते म्हणाले, "यात राग कुठे आहे?"

"नाना, यात तारखा आहेत."

"तारखांवर माणसं जमत नाहीत, पोरी."

माणसं जमवायचीच नव्हती. वळण वाचवायचं होतं. दुसरी हरकत मुदतीत दिली, पोच घेतली.

उत्तर आलं ते एका वाक्याचं. अर्जदाराने जोडलेलं छायाचित्र आवर्तनकाळातील असल्याने हरकत ग्राह्य धरता येत नाही. कुठलं छायाचित्र? पहिलं! दुसऱ्या हरकतीचा उल्लेखच नाही. पोच दाखवायला गेले, तर दोन्ही एकाच विषयाच्या म्हणून एकत्र निकाली काढल्या, असं सांगितलं. माझ्या खोट्या फोटोने माझे खरे फोटो खाल्ले, आणि त्यांना ते सोयीचंच होतं. वळणाचा लिलाव झाला.

या उन्हाळ्यात अक्काच्या झिऱ्याच्या जागी माणूस उभा बुडेल एवढा खड्डा आहे, तळाला हिरवट गढूळ पाणी. पिण्याचं पाणी आता जारचं येतं, तेही येईल तेव्हा. परवा ती ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसली.

"तो जुना फोटो दखाड व माय."

दाखवला. तिने पांढऱ्या वाळूवर बोट टेकवलं. बोटाखाली वळण, काठ, अर्धं गाव, सगळं झाकलं गेलं.

"मन्हा झिरा अठे शे," म्हणाली. मग बोट उचलून विचारलं, "आते आवर्तन कव्हय शे?"

मी तारीख शोधून सांगितली. आता पटकन सापडते. त्या दिवशी पाणी सुटेल, खड्डा भरेल, आणि वरून बघणाऱ्याला आमची गिरणा काठोकाठ भरलेली दिसेल.