धानातलं घरटं

चुलीवर झिंगे परतल्याचा वास आला, की मला तो पावसाळा आठवतो, जेव्हा आमच्याकडे पाहुणे जेवायला येऊ लागले. तलावावरचे पक्षी पाहायला नागपूरहून गाड्या यायच्या आणि सासूबाईंच्या हातचं जेवून जायच्या. घराला आधार झाला होता, मात्र त्याच गाड्यांनी शेताचे बांधही खचत होते. एका सकाळी आमच्या धानात सारसाच्या जोडीनं घरटं केल्याचं पाहुण्यांना कळलं. अंड्यांचा फोटो हवा म्हणून ते कॅमेरे घेऊन थेट चिखलात उतरायला निघाले. पाहुणे दुखावले तर पुन्हा येणार नाहीत, या भीतीनं मी त्यांना अडवलं नाही. सासूबाई मात्र पिठाच्या हातांनीच धावत गेल्या आणि बांधावर त्यांच्या वाटेत आडव्या उभ्या राहिल्या. “जेवाले या, राहाले या, पण अंड्याजवळ कोणी जायाचं नाही. पाखरू भेलं तं परत येत नाही.” एकजण चिडून म्हणाला, “मग आम्हीही परत येणार नाही.” “नोका येऊ,” त्या म्हणाल्या, “पाखरंच गेले तं इथं येऊन काय पाहान?” पाहुणे न जेवताच गेले. ते जेवण आम्ही निंदणाला आलेल्या बायांना वाढलं. पुढे दोन पिल्लं आईबापामागून धानात चालू लागली, तेव्हा अख्खं गाव बांधावर लोटलं होतं. सासूबाई कोणालाच पुढे जाऊ देत नव्हत्या, सरपंचालाही नाही. आता पाहुण्यांना बांधावर मीच थांबवते. कोणी रागावलं, तर ताठ मानेनं सांगते, “आमच्या गावात असंच आहे.”