धुरीवरची जागा

बायको जाऊन वर्ष होत आलं. लोक म्हणतात, तिच्या चांगल्या आठवणी काढा. काढायला बसलो की आधी तिच्या बहिणीचं पोरगं आठवतं, अन् पोटात जळतं.

पोरगं जालन्याचं, मालाच्या जहाजावर अधिकारी झालेलं. सुट्टी लागली की आष्टीला आमच्याकडं यायचं अन् मावशीला चिकटून बसायचं. आम्हाला लेकरू नाही. तिनं त्याच्यावर जीव लावला, त्याला माझी ना नव्हती. पण एका सुट्टीत तो मांडीवर उघडायचा कॉम्प्युटर घेऊन आला.

त्यात जहाजाचं लांबच लांब चित्र होतं, आडवं, आत खण पाडलेले. कोणत्या खणात किती टन माल, ते आकडे टाकायचे. मंग खाली एक रेघ वाकडी होऊन दाखवायची की जहाजावर ताण कुठं येतोय. दोन्ही टोकांना माल भरला तर टोकं दबून पाठ वर येते, मधीच भरला तर पोट खाली जातं. फारच झालं तर रेघ लाल.

"मावशी, सांग, कुठं टाकू?"

"टाक सगळं मधी. टोकाला कशाला हेलपाटे?"

"मोडलं की जहाज!"

रेघ लाल झाली अन् बाई पदर तोंडाला लावून हसली. जन्मभर मी पोती भरली, गाडी जुंपली, कधी तिनं विचारलं नाही की हे पोतं इथंच का ठेवता. अन् इथं खण न् खण विचारून राहिली होती.

पोरगं सांगत होतं, "जहाज रिकामं असलं की टाक्यांत समुद्राचं पाणी भरतो. जिकडं वजन कमी, तिकडं पाणी."

"मंग ते पाणी म्हंजी मीच की," बायको म्हणाली. "परतूरला ज्वारी न्यायचो ना, तवा गाडी मागून जड झाली की म्होरून वर उलाळायची, बैलांच्या गळ्याला फास. मंग ह्ये मला म्होरं धुरीवर, हाकायच्या जागंवर, शेजारी घ्यायचे. माझ्या वजनानं गाडी बराबर व्हायची."

"काका, मंग तुमचं सॉफ्टवेअर म्हणजे मावशीच!"

दोघं हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ती धुरी आमची होती. एवढ्या वर्षांत आमच्या दोघांचं म्हणून जे काय होतं ते तेवढंच, अन् तिनं ते काढून त्याच्या मांडीवर ठेवलं.

मी उठलो. "बैलांना पाणी दाखवून येतो."

"आवं, बैल इकून किती वर्सं झाली!" ती मागून वरडली. परत हसणं.

ती गेली तेव्हा पोरगं भर समुद्रात होतं. फोनवर ढसाढसा रडलं. मला रडू येत नव्हतं, अन् त्या रडण्याचाही मला राग आला.

परवा आला. तिच्या फोटोपुढं बसला, मंग म्हणाला, "काका, जहाजावर नवी पोरं येतात, त्यांना मी आधी मावशीची गाडी सांगतो. वजन कुठं टाकायचं ते लगेच कळतं त्यांना."

"कोणाला इचारून सांगतोस?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. हळूच म्हणाला, "एक सांगा ना. धुरीवर बसल्यावर तिचं तोंड कुणीकडं असायचं?"

धुरीवर दोघं अंग चोरून बसायचो. तिनं सबंध वाटेत बैल कधी बघितले नाहीत. पार परतूर येईस्तोवर माझ्याकडं तोंड करून बोलत राह्यची.

"बैलांकडं," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली. पोरांना आता तसंच सांगेल. सांगू दे. तोंड कुणीकडं बी असलं तरी वजन तेवढंच भरतं, त्याचं गणित काही चुकायचं न्हाई.