सुकेळ्यांची पेटी आणि पवित्र पाणी

आमच्या पापडी गावात सुकेळी करायची म्हणजे आठवडाभर अख्ख्या घराने माशा हाकायच्या. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात मांडायची, दव पडायच्या आत उचलायची, सकाळी पुन्हा मांडायची. मला माशा हाकायचा भारी कंटाळा. त्या कंटाळ्यातून मी एक पेटी बनवली. वर काच, आत काळा केलेला पत्रा, खाली हवेला भोकं आणि मागे पत्र्याचं धुराडं. सुकेळी तीन दिवसांत तयार, आणि माशी औषधालाही नाही.

इथेच थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण कुणीतरी पेटंटाबद्दल सांगितलं. कलकत्त्याच्या कचेरीत अर्ज करायचा. मंजूर झाला की आपल्या परवान्याशिवाय ती वस्तू दुसऱ्या कुणी बनवायची नाही. मुंबईचा एक शेठ आमची सुकेळी घ्यायचा. तो म्हणाला, "पेटंटचा कागद आणा, परवाना मीच घेतो. पेटीमागे तुमचा वाटा."

मी दुसऱ्या दिवशी कारकुनीचा राजीनामा दिला.

"कागद तरी हातात येऊ द्यायचा," बायको म्हणाली.

"शोध लावणारे कारकुनी करत नसतात," मी म्हणालो. हे वाक्य तिने पुढे मला बऱ्याच वेळा ऐकवलं.

अर्जाआधी पेटीत थोडी सुधारणा करावी, तोवर ती कुणाच्या नजरेला पडू नये, म्हणून मी तिला वाडीच्या मागे गोणपाटांच्या आडोशात ठेवली. नुकतीच दारूबंदी आली होती. गोणपाटाचा आडोसा, त्यातून डोकावणारं धुराडं आणि पिकल्या केळ्यांचा वास! गावाने काय ओळखायचं ते ओळखलं.

"चर्चमध्ये मिस्साला बायका माझ्या शेजारी बसत नाहीत," बायको म्हणाली. "आणि ज्या बसतात, त्या हळूच विचारतात, बाटली केवढ्याला? ते काही नाही. फादरांना बोलवा. पाणी शिंपडू दे, सगळ्यांना बघू दे."

आमच्याकडे घर असो, होडी असो की विहिरीवरचा रहाट, पवित्र पाणी शिंपडल्याशिवाय वापरात येत नाही. मग पेटीनेच काय घोडं मारलंय? रविवारी मिस्सा संपल्यावर पेटी चर्चच्या आवारात आणली. फादरांनी प्रार्थना म्हटली, पाणी शिंपडलं. तिथे मी गप्प राहायचं. पण एवढा जमाव पाहून मला कंठ फुटला. झाकण उघडून मी काच किती तिरकी, भोकं किती, धुराडं किती उंच, सगळं समजावलं. शेजारचा सुतार वितीने मापं घेत होता; त्याला नीट दिसावं म्हणून मी बाजूला सरकलो! फादरांना एवढं कौतुक की चर्चच्या पत्रिकेत त्यांनी माझ्या पेटीचं चित्र मापांसकट छापलं.

ती पत्रिका घेऊन मी मुंबईच्या वकिलाकडे गेलो.

"अर्जाआधी हे कुणी पाहिलंय?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, साक्षीदार हवेत. "कुणी म्हणजे? अख्ख्या गावाने! छापूनसुद्धा आलंय."

त्यांनी पत्रिका शेवटपर्यंत वाचली. "तारीखही आहे."

"आहे ना!"

"अहो, जगजाहीर झालेली वस्तू कायद्याने नवी राहत नाही. पेटंट नव्या वस्तूला मिळतं."

"पण शोध माझाच आहे."

"त्याबद्दल वादच नाही," पत्रिका परत देत ते म्हणाले. "छापलंच आहे इथे."

शेठनेही पत्रिका पाहिली. "कागद नाय, तर परवाना कशाचा घेऊ? चित्र तर हायच," म्हणाला आणि ती ठेवून घेतली. जुन्या कचेरीत गेलो, तर माझ्या खुर्चीवर दुसराच माणूस बसला होता. हेडक्लार्कने मला चहा पाजला. त्यापलीकडे त्याच्या हातात काही नव्हतं.

पुढच्या हंगामात जिकडेतिकडे धुराडी दिसू लागली. मी वाडीत माशा हाकत नव्हतो, एवढाच काय तो फायदा. एकदा सुतार दारात आला.

"माझ्या पेटीत पानी साचतंय रे. तुझी अक्कल आहे ती, तूच ये बघायला."

गेलो. काच दोन बोटं जास्त तिरकी केली, पाणी थांबलं. त्याने सुकेळ्यांचा एक पुडा हातात दिला. घरी बायकोने एक सुकेळं तोडून तोंडात टाकलं.

"आपल्यापेक्षा गोड झालीत," ती म्हणाली.

खरंच झाली होती.