चंद्रीची पसंती

बोरीच्या तळ्याजवळ मी एसटीची वाट पाहायचो, तेव्हा एक म्हातारी रोज शेळ्या पाण्यावर आणायची. माणसांआधी ती शेळ्यांशी बोलायची. एकदा तिनं जुन्या लुगड्याचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"धरा दादा. ह्ये शेवाळ मरून तळाला बसलं की सडतंय, पाणी लय वास मारतंय. मंग माझी चंद्री तोंड लावत न्हाई."

लुगडं ओढत आम्ही काठाजवळचं शेवाळ बाहेर काढलं. माझी पँट गुडघ्यापर्यंत हिरवी झाली आणि समोरून एसटी निघून गेली. म्हातारीचं सगळं लक्ष चंद्रीकडं. त्या शेळीनं पाणी हुंगलं, माझ्याकडं रोखून पाहिलं आणि मगच ती प्यायली.

"पसंत पडलं तिला," म्हातारी हसली. "उद्या बी या."

दुसऱ्या दिवशी मी जुनी पँट घालून गेलो.