कापसाच्या ढिगातलं तिसरं पिल्लू

आमच्या मांजरीनं घरात साठवलेल्या कापसात पिल्लं घातली. वर दोन दिसत होती. ढीग उकरून पाहायला मला वेळ नव्हता. मग एके दिवशी शेजारी राहणाऱ्या धाकट्या जावेनं त्यांच्या कापसाच्या शेतातून आणखी एक आणलं.

"ताई, तुमची मांजर सात घरं फिरायलीय जणू. ह्ये आमच्या पऱ्हाटीत इसरली."

मांजर पिल्लांना सात घरं दाखवते, हे आमच्या बोरी गावात सगळेच धरून चालतात. मीही पिल्लू ढिगात ठेवलं. मांजरीनं ते हुंगलं, चाटलं आणि पाजलंही.

शंका आली ती कापूस विकून खोली झाडल्यावर. आधीची दोन वाटीच्या आवाजाला धावत यायची, हे तिसरं कणगीमागून बघत राहायचं. अंगावर पट्ट्यांऐवजी ठिपके, शेपूट बारीक आणि टोकाला काळी वळी. रानमांजर! पण नक्की कसं म्हणायचं? रानातला बोका गावातल्या मांजरीला लागतो, तेव्हा हे आमच्याच मांजरीचंही असू शकत होतं.

उन्हाळ्यात जावेच्या कोंबडीची पिल्लं नाहीशी व्हायला लागली. ती दारात येऊन उभी राहिली.

"तुमचा वाघ आवरा ताई. न्हाई तर पोत्यात घालून जिंतूरच्या बाजारात सोडते."

"आणला कुणी?"

"मी आणला मांजर म्हणून. तुमी वाघ केला!"

बाजारात सोडलेलं जनावर कुत्र्यांच्या तोंडी जातं. त्याऐवजी मी जाड गोणपाटात गुंडाळून ते कालव्याकडेच्या उसात नेलं. हातावर चार ओरखडे देऊन ते आत शिरलं. मागं वळून बघितलं नाही.

त्याच आठवड्यात जावेच्या कोंबडीचं आणखी एक पिल्लू गेलं.

जाऊ येऊन माझ्या ओट्याकडे बघत राहिली. तिथं आमची मांजर पाय पोटाशी घेऊन डोळे मिटून पडली होती. घारीनं नेलं असेल, असं मी म्हणाले. पण माझाच त्यावर विश्वास बसेना.

"आता पोत्यात कुणाला घालू, सांगा," जाऊ म्हणाली.

मी मांजरीला उचलून आत नेलं आणि बाहेरून कडी लावली. तेव्हापासून जावेच्या कोंबड्या संध्याकाळी डालग्याखाली जाईपर्यंत मांजर आतच असते. सकाळी तिला आत घ्यायला दार उघडलं की मी आधी तिच्या तोंडाला पिसं लागलीत का ते बघते.