एका भजनाची जागा

भंगाराच्या धंद्यात मी पहिली गोष्ट शिकलो ती ही, की भाव पटला नाही तर उठायचं. चप्पल पायात सरकवेपर्यंत समोरचा हाक मारतोच. हातगाडीपासून सुरुवात करून श्रीरामपुरात स्वतःचं गोडाऊन केलं, ते या उठण्याच्या जोरावर. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंच कमिटीपुढेही मी तेच केलं.

उपासनेत नवा जीव यावा म्हणून बाहेरच्या एका संस्थेचं अनुदान चर्चला मंजूर झालं होतं. रविवारच्या उपासनेचा क्रम सगळ्यांनी मिळून ठरवायचा आणि कशाला किती मिनिटं ते लिहून द्यायचं, अशी अट होती. स्पीकर आणि कीबोर्डचा भाव पाडायला कमिटीने मलाच नेलं होतं. त्यामुळे माझा शब्द चालेल असं मी धरून चाललो.

माझा थोरला भाऊ भजनी मंडळ चालवायचा. पेटी, ढोलकी, टाळ आणि दादा धरून चार म्हातारे. वस्त्यांवरून माणसं येऊन टेकेपर्यंत दादा पुढे सतरंजीवर बसून येशूची भजनं म्हणायचा. शेवटची बाई पोराला घेऊन बसली की थांबायचा. नव्या क्रमात त्याला जागाच ठेवलेली नव्हती.

बैठकीला दादा माझ्या शेजारी बसला होता. मी तीस मिनिटं मागितली. मनात पंधरा होती.

तरुण संघाची एक मुलगी म्हणाली, "काका, तुमचं भजन सुरू झालं की माझी आजीसुद्धा मोबाईल बघते."

"तुझ्या आजीला विचार, तिच्या लग्नात कोण गायलं होतं," मी म्हणालो. "मोबाईल तिच्या हातात कोणी दिला, ते मात्र स्वतःला विचार."

सगळे हसले. दादाही हसला.

चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "सुरुवातीला एक भजन घेऊ. दर रविवारी, नक्की."

एक! माझं डोकं फिरलं. "भीक नको," मी म्हणालो. "द्यायचं तर नीट द्या, नाहीतर आमचं मंडळ बसणारच नाही." आणि दादाचा दंड धरून उठलो.

दारापर्यंत मी मुद्दाम सावकाश चाललो. बाहेर आल्यावर चपलाही सावकाश शोधल्या. आतून हाक आली नाही. पुढच्या आठवड्यात इतिवृत्तात वाचलं, की भजनी मंडळाने सहभागास नकार दिला.

त्या दिवशी बैठकीहून दादा माझ्या स्कूटरवर मागे बसून आला. घर आल्यावर उतरला आणि म्हणाला, "एक बी पुरं हुतं रं."

"मग तिथं बोलला का नाहीस?"

"तू बोलत हुतास."

दोन वर्षांनी अनुदानाचा प्रकल्प संपला. अहवाल गेला, मिनिटांचा कागद बघणारं कोणी उरलं नाही. मी पाळकसाहेबांकडे गेलो. म्हणालो, "दादाला गाऊ द्या. किती वेळ, ते तुम्हीच सांगा."

"अहो, नको कोण म्हणालं होतं? तुम्हीच उठलात."

हे मी त्यांना माफ केलेलं नाही. माझ्या लग्नापासून हा माणूस मला ओळखतो. माझा स्वभाव त्यांना ठाऊक होता. "बसा हो," एवढं म्हणायला काय जात होतं?

तोवर ढोलकीवाला वारला होता. टाळवाला मुलाकडे सावेडीला राहायला गेला होता. तिसऱ्याला ऐकू येत नव्हतं. दादा एकटाच आला. सतरंजी मी स्वतः अंथरली. त्याने पेटीचा भाता ओढला, सूर धरला, पहिली ओळ म्हटली. दुसऱ्या ओळीला आवाज वर चढेना. त्याने पुन्हा पहिलीवरून सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच अडला. मी मागे बघितलं. लोक मान खाली घालून बसले होते. त्या मुलीची आजीही. हातात मोबाईल नव्हता.

दादाने भाता बंद केला. "गळ्याला गाणं रोज लागतं," तो हळूच म्हणाला. तक्रार नव्हती त्यात, नुसतं सांगत होता. त्याला जमिनीवरून उठता येईना, म्हणून मी हात दिला.

आता तो मागच्या बाकावर बसतो. पुढे पडद्यावर गाण्यांचे शब्द येतात, पण त्याला ते तिथून दिसत नाहीत. मी त्याच्या कानाशी ओळ वाचून दाखवतो. तो मान हलवतो, गात नाही.